आत्याचे पातेले

आफ्रिकेतून परत आलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मला पहिला प्रश्न विचारला गेला तो अर्थातच सिंहाचा. "दिसला का हो?" दिसला. "किती?" सात. मग हत्तींची चौकशी झाली, विमानाच्या भाड्याची झाली, आणि तासाची घंटा वाजली. पुस्तके गोळा करता करता भूगोलाच्या गुरुजींनी सहज विचारले, "आणि जेवणाचं काय केलंत तिकडे?" मी हसून वेळ मारून नेली. पाच मिनिटांत सांगण्यासारखे ते उत्तर नव्हते. त्या अकरा दिवसांत आम्ही जनावरे पाहिली हे खरे. पण विचार केला तो जेवणाचाच. घरी येऊन बॅग उघडली तेव्हा तिच्यातून मसाई मण्यांची माळ निघाली नाही. निघाले ते ॲल्युमिनियमचे, कान नसलेले, एका बाजूने चेपलेले एक पातेले. त्या पातेल्याची ही हकीकत आहे.

तिच्याआधी थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण म्हणाल तर दहावी; पुढे चित्रकलेच्या परीक्षा देऊन शाळेत चिकटलो. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. राहणार अलिबागचा, आणि धर्माने यहुदी, म्हणजे बेने इस्राएल. हा शब्द ऐकून अजूनही पुष्कळ जण चमकतात. जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, ती आमची मूळ माणसे, असे आमची परंपरा सांगते. या लोकांनी कुलाब्यात तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली, भाषा मराठी झाली, बायका नऊवारी नेसू लागल्या. १९४८ साली या देशात आम्ही वीस हजारांच्या घरात होतो. मग तिकडे इस्राएल झाले आणि एकेक घर बंद होत गेले. आज सारे मिळून चार-पाच हजार असू. आमच्या आळीला अजून इस्राएल आळीच म्हणतात. पण सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर फोन करावे लागतात.

या सगळ्या पिढ्यांत आमच्या लोकांनी धर्मग्रंथ गमावले, हिब्रू गमावली. पण तीन-चार गोष्टी सोडल्या नाहीत. शनिवार सोडला नाही, आठव्या दिवशीची सुंता सोडली नाही, 'शेमा' सोडला नाही, आणि ताटातले नियम सोडले नाहीत. या नियमांनाच कोशर म्हणतात. वाचकांना थोडक्यात सांगतो. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जे रवंथ करते तेच जनावर खायचे. दोहोंपैकी एक खूण असून भागत नाही. तेही धर्माने नेमलेल्या माणसाने, खाच नसलेल्या सुरीने कापलेले असावे. मांस अर्धा तास पाण्यात आणि तासभर मिठात ठेवून रक्त काढावे. माशाला पर आणि खवले दोन्ही हवीत. म्हणजे सुरमई चालते, पापलेट चालते, मुशी चालत नाही, आणि खेकडा, कोलंबी, तिसऱ्या यांचे तर नावच काढायचे नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचे नाही, म्हणून मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. आमच्या आया मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध घालतात ते त्यासाठी.

अलिबागेत राहून कोलंबी न खाणे म्हणजे काय, हे कोकणी वाचकाला वेगळे सांगायला नको. माझे वडील शहात्तर वर्षे खाल्ल्याशिवाय राहिले. मी अकरावे वर्ष लागायच्या आत, शेजारच्या घरी, पाटावर बसून खाल्ली. तोंड चुलीच्या राखेने घासून घरी आलो होतो. पुढे लपवणे संपले. वडील बोलले नाहीत. फक्त माझे ताट त्यांनी फडताळाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले.

वडील २०२१ च्या पावसाळ्यात गेले. करोनामुळे देशोदेशीचे मार्ग बंद होते. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, १९६८ साली विसाव्या वर्षी इस्राएलला गेली ती अश्दोदला स्थायिक झाली. तिने तिकडेच सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळले. मार्ग मोकळे झाले तेव्हा मी तिला ये म्हटले. ती म्हणाली, "दादा नसलेल्या घराचा उंबरा मला ओलांडवणार नाही." दोन वेळा विचारले, दोन्ही वेळा तेच उत्तर. मला मात्र तिला भेटायचे होते. वडिलांच्या शेवटच्या आजारातली एक गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती, आणि ती फोनवर सांगता येण्यासारखी नव्हती.

तोड काढली ती आत्येभावाने. तो पाटबंधाऱ्याच्या कामावर टांझानियात आरुशा गावी होता. त्याने आम्हा दोघांना तिकिटे पाठवली. ती तेल अवीवहून, मी मुंबईहून. दोघांनी अदिस अबाबाला विमान बदलायचे आणि पुढे एकत्र किलिमांजारोला उतरायचे. "धावपळीची सफर नाही," त्याने कळवले, "आईला झेपेल अशी. शनिवारी गाडी हलणार नाही. नुसतं बसायचं आणि बघायचं." तो स्वतः यांतले काही पाळत नाही; पण आपली आई काय पाळते हे त्याला पाठ होते. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो.

अदिस अबाबाच्या विमानतळावर आत्याला मी पाच वर्षांनी पाहिले. पंच्याहत्तर वर्षांची, डोक्याला रुमाल, पायांत पोरांसारखे कापडी बूट. मला जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला, आणि पहिले वाक्य बोलली ते असे: "माझ्या बॅगेत डाळ, पोहे, मसाले, मनुका, सगळं आहे. पातेलं तेवढं विसरले बघ."

पातेले आरुशाच्या बाजारात घेतले. तिकडे या कान नसलेल्या पातेल्याला सुफुरिया म्हणतात. पण परधर्मीयाकडून घेतलेले धातूचे नवे भांडे वापरण्याआधी वाहत्या किंवा साचलेल्या नैसर्गिक पाण्यात पुरते बुडवावे लागते. तेव्हा आमच्या सफरीचा पहिला थांबा मगरींसाठी नव्हता की फ्लेमिंगोंसाठी नव्हता. मन्यारा सरोवराजवळ, मोठ्या कड्याच्या पायथ्याशी म्तो वा म्बू नावाचे गाव आहे; नावाचा अर्थ डासांची नदी. तिथल्या ओढ्यात आत्या घोट्याएवढ्या पाण्यात उतरली, पातेले बुडवले, हिब्रूतून दोन शब्द पुटपुटली आणि वर आली. काठावर केळी विकणाऱ्या बायका हे पाहत होत्या. त्यांतली एक काही बोलली आणि बाकीच्या हसल्या. चालकाने भाषांतर केले: "त्या म्हणतात, म्हातारी शहाणी आहे. बाजारातलं भांडं धुऊनच घ्यावं."

आमच्याबरोबर एक आचारी होता. पन्नाशीचा, किनाऱ्याकडचा मुसलमान, मितभाषी. एका पाहुण्या बाईने स्वयंपाकघर ताब्यात घ्यावे हे कोणाही आचाऱ्याला रुचणार नाही. त्यालाही रुचले नाही. पहिल्या संध्याकाळी आत्याने कोळशाची शेगडी स्वतः पेटवली, पातेले स्वतः चढवले आणि त्याची पळी बाजूला सारून बॅगेतली आपली काढली. तो हाताची घडी घालून उभा राहिला. मग त्याने चालकामार्फत विचारले, "बीबी हलाल खाते का?" स्वाहिलीत आजीला बीबी म्हणतात. आत्या म्हणाली, "त्याला सांग, बाबा, तुझ्या सुरीचा मला आदर आहे, पण माझी सुरी वेगळी." त्याने मान हलवली. सुरी म्हटल्यावर त्याला सगळे समजले. त्यानंतर अकरा दिवस त्याने तिच्या पळीला हात लावला नाही, आणि आमच्या लोकांपैकी काहींना जे समजावून सांगावे लागते ते त्याला पुन्हा सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून दोन मासे आणून तिच्यापुढे धरले. एक सातो, म्हणजे आपल्याकडे तिलापिया म्हणतात तो. दुसरा मिशावाला, आपल्या मांगुरासारखा. आत्याने पहिल्याच्या अंगावरून नखाने एक खवले उचकटले, उन्हात धरून पाहिले, आणि मिशावाल्याला हात जोडले. अलिबागच्या बाजारात माझी आजी अगदी असेच करीत असे. कोळणी तिला म्हणत, "तुमचा देव खवलं मोजतो व्हय?"

पण त्यांची खरी सोयरीक जमली ती नारळावर. आचाऱ्याने आपल्या पेटाऱ्यातून एक बुटके, घडीचे लाकडी आसन काढले. त्याच्या टोकाला दातेरी पाते. आत्या ओरडलीच, "अरे, ही तर खवणी!" तो त्यावर बसून नारळ खवू लागला. भातात घालायला दूध काढायचे होते. नारळाच्या दुधातला भात हे त्या किनाऱ्याचे पक्वान्न. खवणीला तिकडे काय म्हणतात, मी विचारले. चालक म्हणाला, "म्बुझी." म्हणजे? म्हणजे बकरी. आत्या हसता हसता खाली बसली. "बघ रे," ती म्हणाली, "बकरीवर बसून काढलेलं दूध, आणि तरी ते मांसाबरोबर चालतं!" भाताला वाफ आली तेव्हा तिने डोळे मिटून वास घेतला. पंचावन्न वर्षे भूमध्य समुद्राच्या काठी राहिलेली बाई आफ्रिकेच्या मध्यावर आईच्या स्वयंपाकघरात जाऊन आली.

या बाईबरोबर जनावरे पाहणे हा एक वेगळाच अनुभव होता. इतर लोक शिंगे पाहतात, आयाळ पाहतात; ती आधी खूर पाहायची. झेब्रा दिसला की, "एकखुरी. नाही." रानडुक्कर शेपूट उभारून पळाले की, "खूर दुभंगलेले, पण रवंथ करत नाही. ढोंगी." न्गोरोंगोरोच्या त्या प्रचंड कुंडात, जिथे तळ दोनशे साठ चौरस किलोमीटरचा आणि कडे दोन हजार फूट उंच, आम्ही गेंडा पाहिला तेव्हा सगळ्या गाड्यांमधून कॅमेऱ्यांचे आवाज आले. आत्या म्हणाली, "तीन बोटं. नाही." सेरेंगेटीच्या खडकांवर सशाएवढी, बिनशेपटीची हायरॅक्स नावाची जनावरे उन्हाला पसरलेली असतात. त्यांना पाहून मात्र ती गाडीतच उभी राहिली. हिब्रूत याला शाफान म्हणतात; निषिद्ध प्राण्यांच्या यादीत याचे नाव आहे. "लहानपणापासून हे नाव ऐकते," ती म्हणाली, "तो असा दिसतो हे आज कळलं. बिचारा! कुणी खायला मागत होतं का त्याला?"

जिराफाच्या दोन्ही खुणा बरोबर आहेत. खूर दुभंगलेले, रवंथही करतो. त्याची मान कुठे कापावी ते ठाऊक नसल्याने तो खात नाहीत, अशी एक कथा लोक सांगतात. आत्याने ती उडवून लावली. "मानेत काय अडचण आहे? एवढी लांब आहे. जागा भरपूर." मग जरा वेळाने जिराफाकडे पाहत म्हणाली, "चालतो म्हणून खाल्लाच पाहिजे असं थोडंच आहे?" मला हे वाक्य लक्षात ठेवावेसे वाटले. नियम पाळणारी माणसे नियमांचीच बांधलेली असतात असे आम्ही न पाळणारे समजतो. तसे नसते. कुंपण कुठे आहे हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाला अंगणात मोकळे फिरता येते.

एकदा तिला मी सरळ विचारले, की एवढे कशासाठी? तिने रागावून नाही, आठवून उत्तर दिले. "आम्ही गेलो त्याच्या थोडं आधी तिकडच्या धर्मगुरूंनी आमच्या लोकांवर शंका घेतली होती. लग्न लावायचं तर आजी-पणजीपर्यंतची चौकशी. आमच्या लोकांनी उपोषणं केली, धरणं धरलं. १९६४ साली सरकारनं सांगितलं, की हे इतरांसारखेच यहुदी आहेत. पण शेजारीण माझ्या कढईत डोकावायची ती डोकावायचीच. मग मी ठरवलं, की हिला माझ्या कढईत काही सापडता कामा नये. आधी तिच्यासाठी पाळलं. ती मेली. मग सवयीनं पाळलं. आता माझं मला पाळावंसं वाटतं."

शुक्रवारी आम्ही न्दुतूच्या माळावर होतो. सेरेंगेटीच्या दक्षिणेला हे गवताळ रान आहे. पंधरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट वर्षभर हिरवळीमागे फिरतात, ते या दिवसांत इथे विण्यासाठी येतात. नजर जाईल तिथपर्यंत काळी जनावरे आणि त्यांच्या पायांत बदामी रंगाची वासरे. आमच्यासमोर एक वासरू जन्मले, चार वेळा कोलमडले, पाचव्या वेळी उभे राहिले आणि आईच्या पोटाखाली घुसले. आत्याने दुर्बीण खाली ठेवली. "हे बघितलं की तो दुधाचा नियम कुणाला समजावून सांगावा लागू नये," ती म्हणाली.

त्यानंतर तासाभराने दोन सिंहिणींनी दुसरे एक वासरू धरले. सगळे इतक्या चटकन झाले, की माझ्या हातातली पेन्सिल कागदाला लागली नाही. आई दूरवर जाऊन उभी राहिली, थोडा वेळ इकडे पाहत होती, मग कळपात मिसळली. तरस आले, गिधाडे उतरली. आत्या काही बोलेना. परत फिरताना म्हणाली, "तरेफा." मी वळून पाहिले. हा शब्द आम्ही घरात येताजाता वापरतो. जे कोशर नाही ते तरेफा. हॉटेलातली कोंबडी तरेफा. "त्याचा मूळ अर्थ हा," ती म्हणाली, "श्वापदानं फाडलेलं. असलं मांस कुत्र्याला टाकावं, आपण खाऊ नये. आपण तो शब्द बाजारात नेऊन स्वस्त केला."

मी गप्प बसलो. त्या शब्दाशी माझे वेगळे नाते होते.

सात वाजायच्या आत सूर्य मावळला. त्याआधी आत्याने मनुका भिजवून सरबत केले. द्राक्षारस मिळेना तेव्हा आमच्या पूर्वजांनी काढलेली ही युक्ती. दोन दिवे लावले. शनिवारचे जेवण, म्हणजे वाटाणे, बटाटे आणि अंडी, पातेल्यात घालून निखाऱ्यांवर ठेवले, निखारे पत्र्याने झाकले. शनिवारी चूल पेटवायची नाही, तेव्हा आधीपासून मंद आचेवर ठेवलेले अन्न दुसऱ्या दिवशी खायचे. रात्री तंबूत पडल्या पडल्या सिंहाचा आवाज येत होता. त्या आवाजात पातेले पडल्याचा आवाज मिसळला तेव्हा आम्ही दोघेही उठून बसलो. बाहेर जायची सोय नव्हती. सकाळी पाहिले तर शेगडी आडवी, पातेले नाहीसे. रखवालदार पातेले घेऊन आला तो दोनशे पावलांवरून. तरस ते ओढत घेऊन गेले होते. आतले स्वच्छ चाटलेले, एक बाजू चेपलेली, काठावर दातांच्या खुणा.

आचारी हळहळला. आत्याने मात्र पातेले उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "फाडलेलं मांस कुत्र्याला द्या असं आपल्याला सांगितलंय. इथं कोशर जेवण तरसानं नेलं! जाऊ दे. थंड जिभेनं पातेलं बाटत नाही."

म्हणून त्या शनिवारी आमच्याकडे केळी, काकड्या आणि मनुकांचे उरलेले सरबत एवढेच होते. गाडी हलायची नव्हती. बाभळीच्या सावलीत दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. मला वाटले, आता नाही तर पुन्हा नाही.

"आत्या, बाबांच्या आजारातलं एक सांगायचं राहिलंय."

"सांग."

मी सांगितले. शेवटच्या पंधरवड्यात वडिलांचे खाणे तुटले होते. दूध पचेना, अंडे पोटात टिकेना. डॉक्टर म्हणाले, कोंबडीचा रस्सा द्या, नाहीतर अंगात काही उरणार नाही. आमचा कोंबडी कापणारा माणूस अलिबागेत नाही. ठाण्याला किंवा मुंबईला जावे लागते, आणि तेव्हा सगळेच विस्कळीत होते. मी एकाला फोन केला. तो म्हणाला, या आठवड्यात जमणार नाही. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात रस्सा तयार होता. मी तो वाटीत घेतला. पहिला चमचा ओठांशी नेला तेव्हा वडिलांनी डोळे उघडले आणि विचारले, "आपलं आहे का रे?"

"मग?"

"मी म्हटलं, हो बाबा, ठाण्याहून आणवलंय."

ते प्यायले. रोज दोन वाट्या. चौथ्या दिवशी म्हणाले, "ठाण्याच्या त्या माणसाला माझा सलाम सांग. एवढ्या पावसात पाठवतो बिचारा." नवव्या दिवशी ते गेले. नसलेल्या माणसाचे उपकार डोक्यावर घेऊन गेले.

आत्या बराच वेळ समोरच्या माळाकडे पाहत होती. मग तिने विचारले, "गरम होता का?"

"काय?"

"रस्सा."

"हो. गरम होता."

"बरं."

पुन्हा शांतता. मला वाटले, संपले. पण ती बोलू लागली, आणि तिचा आवाज मृदू नव्हता. "खाण्याचं म्हणशील तर त्यात काही पाप झालं नाही. जीव धोक्यात असला की नियम बाजूला ठेवायचा, हाही नियमच आहे. दादाला तो ठाऊक होता. त्यानंच मला शिकवला. तू खरं सांगितलं असतंस तर तो म्हणाला असता, दे, चालतं. किंवा म्हणाला असता, नको, मला नाही जमणार. दोन्ही त्याचं झालं असतं. शहात्तर वर्षं पाळलेल्या माणसाला शेवटचा निर्णय तू करू दिला नाहीस."

"आणि नको म्हणाले असते तर?"

"तर तू दुसरा फोन केला असतास."

हे मी गेली दोन वर्षे स्वतःपासून लपवून ठेवले होते. मी एकच फोन केला होता. रस्ते विस्कळीत होते हे खरे, पाऊस होता हेही खरे. पण दुसरा फोन मी केला नाही, कारण पातेल्यात शिजवलेले सगळे सारखेच, असे मला मनातून वाटत होते. वडिलांना ते सारखे वाटत नव्हते, एवढ्याने माझे काम वाढत होते, आणि मी ते एका शब्दाने कमी करून टाकले. आपण ज्यावर विश्वास ठेवत नाही त्याबाबत दुसऱ्याला फसवणे फार सोपे असते. त्यात फसवल्यासारखे वाटतच नाही.

आत्याने मला क्षमा केली नाही. केली असती तर कदाचित मी ती हकीकत विसरलो असतो. तासाभराने ती म्हणाली, "भूक लागली. केळी आण." मी केळी आणली. तिने एक सोलून अर्धे मला दिले.

संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसल्यावर शनिवार संपतो. तो संपवताना काहीतरी सुगंधी हुंगायचे असते. आमच्याकडे घरी सब्जा असायचा. आचाऱ्याने मुठीत लवंगा आणून दिल्या. झांजीबारकडच्या, ताज्या, हात लावताच तेल सोडणाऱ्या. आत्याने हुंगल्या आणि माझ्यापुढे धरल्या. अंधारात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. "दादाच्या दगडावरचं नाव तू पाठवलेल्या फोटोत वाकडं वाटतं," ती म्हणाली. "नीट कोरलंय का ते येऊन बघायला हवं."

मी चित्रकलेचा शिक्षक. ती अक्षरे मीच आखून दिली होती, आणि ती वाकडी नाहीत. पण मी म्हटले, "ये, बघ."

निघताना तिच्या बॅगेत पातेले मावेना. की मावत होते, कोण जाणे. तिने ते माझ्या हातात दिले. आचाऱ्याने दोन नारळ दिले आणि "बीबी" म्हणून तिच्यापुढे मान लववली.

ती त्या वर्षीच यायची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडे युद्ध पेटले, अश्दोदवर रॉकेटे पडू लागली, आणि येणे लांबत गेले. आली ती २०२५ च्या जानेवारीत. कबरस्तानात दगडासमोर उभी राहिली, अक्षरांवरून बोट फिरवले, काही बोलली नाही. घरी येताना उंबऱ्याशी क्षणभर थबकली आणि उजवे पाऊल आत टाकले. मग सरळ स्वयंपाकघरात गेली, आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात पालथे घातलेले ते चेपके पातेले तिला दिसले.

"यात काय शिजवतोस?" तिने विचारले.

खोटे बोलता आले असते. कोलंबी मी अजून खातो; आवडते मला. तसे तिला सांगितले. त्या पातेल्यात मात्र शिजवत नाही, हेही सांगितले.

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग हात वर करून पातेले उतरवले, नळाखाली धरले आणि म्हणाली, "तांदूळ कुठे ठेवतोस?"